सूर्यनमस्कार : देवघरातून शाळेच्या पटांगणावर

सूर्यनमस्कार आज व्यायाम म्हणून ओळखला जातो, पण शे-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत महाराष्ट्रात तो प्रामुख्याने पूजेचा भाग होता. स्नान उरकायचे, सोवळे नेसायचे, पूर्वेकडे तोंड करून उभे राहायचे आणि सूर्याचे एकेक नाव घेत साष्टांग दंडवत घालायचे, असे त्याचे रूप होते. मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सविता, अर्क आणि भास्कर ही ती बारा नावे. प्रत्येक नावाआधी ओंकार आणि ह्रां, ह्रीं, ह्रूं यांसारखी बीजाक्षरे येत. त्याला वेदातील ऋचांची जोड दिली की तृचाकल्प नमस्कार होत, आणि हा विधी बराच वेळ चाले. सूर्य ही आरोग्य देणारी देवता मानलेली, त्यामुळे दुखणे हटावे म्हणून नमस्कारांचे अनुष्ठान करण्याची चाल होती. रोग्याला उठवत नसेल तर त्याच्या नावाने भटजींकडून नमस्कार घालून घेता येत. दक्षिणा यजमानाची आणि घाम भटजींचा, असा हा व्यवहार असे. व्यायाम म्हणून पाहिले तर त्याचा लाभही भटजींनाच होई.

समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. आकडा खरा की भक्तांनी वाढवलेला, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. बलोपासना आणि नमस्कार यांचा संबंध मराठी मनात जुना आहे आणि गावोगावच्या मारुतीच्या देवळांनी तो टिकवून धरला. पण प्रत्यक्षात बळ कमवायची जागा निराळी होती. ती म्हणजे तालीम.

तालमीचे जग घामाचे आणि मातीचे. मध्ये कुस्तीचा हौदा, त्यात तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली तांबडी माती, भिंतीशी मुद्गल आणि करेल, कोनाड्यात मारुती. नव्या पोराला आधी जोर आणि बैठका, मग माती उकरणे, मग कुस्ती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला शिस्तीची विद्या बनवले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना पदरी ठेवले आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. तालमीची विद्या अव्वल होती, पण ती पेलण्याची अट कडक होती. दिवसातले कित्येक तास, खुराकाला दूध-तूप-बदाम आणि वस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबणे. कारकून, शिक्षक, वकील किंवा घरातली बाई यांच्यापैकी कोणाला ते जमण्यासारखे नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेमक्या याच शिकलेल्या वर्गाच्या प्रकृतीची चिंता वाटू लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये गेले तेव्हा त्यांना बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. दम्याने पोखरलेले आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीच्या आत. पदवीधर इतक्या लवकर का मरतात, हा प्रश्न न्यायमूर्ती रानड्यांनी त्याच दशकात जाहीरपणे मांडला. कॉलेजातला अभ्यास, परकी भाषेतल्या परीक्षांचा ताण, लहानपणीचे लग्न आणि शरीराकडे पूर्ण दुर्लक्ष अशी कारणे त्या चर्चेत पुन्हापुन्हा येत. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून प्रकृती कमावण्यात घालवले, ही गोष्ट पुढे घरोघरी सांगितली जाऊ लागली. मुलाने वर्ष बुडवले तर एरवी बोलणी खावी लागत. इथे मात्र ते उदाहरण म्हणून दिले जाई. त्यातच १८९६ पासून मुंबई-पुण्यात प्लेग शिरला आणि शरीराचा प्रश्न जिवावर आला.

याच सुमारास विलायतेहून एक नाव हिंदुस्थानात पोचले : युजीन सँडो. हा जर्मन पहिलवान लंडनमध्ये आपले पिळदार शरीर रंगमंचावर दाखवून प्रसिद्ध झाला होता. स्प्रिंगच्या पकडीचे डंबेल्स, रबरी ताण आणि ती वापरण्याची पुस्तके तो विकत असे. गिऱ्हाईक घरबसल्या व्यायाम करी आणि आरशात आपले दंड पाही. तालीम लांब आणि हलक्या लोकांची वाटणाऱ्या पांढरपेशांना हे पटले. १९०४-०५ मध्ये सँडोने हिंदुस्थानचा दौराही केला.

सँडोच्या भक्तांपैकी एक होते औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोकांच्या तोंडी बाळासाहेब. त्यांचा जन्म १८६८ चा. औंध हे बहात्तर गावांचे छोटे संस्थान, तेही सलग नव्हे. आटपाडीसारखा दुष्काळी मुलूख त्यात मोडे. बाळासाहेब बी. ए. झालेले, चित्रे काढणारे, कीर्तन करणारे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी आश्रय दिला, आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली ती त्यांनीच. १८९७ मध्ये त्यांनी सँडोची सगळी साधने आणि पुस्तके मागवली आणि दहा वर्षे नेमाने त्याप्रमाणे व्यायाम केला. त्याने छाती रुंदावली, दंड भरले. मात्र नुसता स्नायूंचा आकार म्हणजे आरोग्य नव्हे, पोट, पाठ, श्वास आणि मज्जातंतू यांचे काय, असा त्यांचा पुढचा हिशोब होता. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन नित्य नमस्कार घालीत. त्यांचा दाखला समोर ठेवून औंधकरांनी १९०८ च्या सुमारास सँडोची साधने बाजूला ठेवली आणि नमस्कार धरले. १९०९ मध्ये ते गादीवर आले, तेव्हा हा नेम पक्का झाला होता.

त्यांनी केलेला बदल बाहेरून लहान दिसतो. मंत्र त्यांनी टाकले नाहीत. उलट बीजाक्षरांच्या उच्चाराने छाती आणि गळ्याला व्यायाम होतो, असे ते सांगत. पण विधीचा भर त्यांनी शरीराच्या हालचालीवर आणला. प्रत्येक नमस्कार दहा अंकांत बांधला. हात जोडून ताठ उभे राहणे हा पहिला. गुडघे न वाकवता कमरेत वाकून तळवे जमिनीला टेकवणे हा दुसरा. मग एक पाय मागे, नंतर दुसराही मागे आणि अंग ताणलेले. पाचव्या अंकाला साष्टांग : कपाळ, छाती, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे जमिनीला लागलेली, पोट मात्र उचललेले. तिथून हातांवर जोर देऊन छाती पुढे काढायची, मान मागे न्यायची, मग नितंब उचलून कमान करायची आणि ज्या क्रमाने खाली आलो त्याच क्रमाने उलट उभे राहायचे. मधले तीन अंक पाहिले तर तालमीतला जोर तिथे सहज ओळखू येतो. देवघरातला दंडवत आणि तालमीतला जोर एका ओळीत आले, त्याला श्वासाचा नेम आणि सँडोकडून घेतलेली रोज मोजून करण्याची शिस्त मिळाली. आज प्राचीन म्हणून मिरवला जाणारा सूर्यनमस्कार तयार झाला तो असा. त्यातला भक्तीचा धागा जुना आहे. आरोग्याची मोजणी नवी आहे.

या व्यायामाला साधन लागत नाही, मैदान लागत नाही, जोडीदार लागत नाही. माणूस जेवढ्या जागेत निजतो तेवढी जागा पुरते. संस्थानच्या तिजोरीला न पेलणारी जिम्नॅशियम उभारण्याचा प्रश्नच उरला नाही. औंधच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले आणि राजेसाहेब स्वतः मुलांसमोर घालून दाखवीत. पन्नाशी-साठी ओलांडलेला संस्थानिक उघड्या अंगाने पोरांबरोबर घाम गाळतो आहे, हे दृश्य त्या काळी विरळाच. बायकांनीही नमस्कार घालावेत, असा त्यांचा आग्रह होता आणि त्याची सुरुवात त्यांनी आपल्या घरातून केली. घराण्यातल्या स्त्रियांचा दाखला ते नावानिशी देत. बाईने व्यायाम करावा, हे म्हणणेच तेव्हा धाडसाचे; त्यात तो धर्माच्या चौकटीतला असल्याने सासू-सासऱ्यांना नाही म्हणणे अवघड जाई. ही युक्ती त्यांनी जाणून केली असो वा नसो, ती लागू पडली.

प्रचाराची सर्व साधने त्यांनी वापरली : मराठी पुस्तक, इंग्रजी पुस्तक, भिंतीवर लावायचे तक्ते, व्याख्याने, अगदी मूकचित्रपटसुद्धा. औंधला राहून वेदांचे संपादन करणाऱ्या श्रीपाद दामोदर सातवळेकरांनीही नमस्कारांवर लिहिले. लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ दैनिकाच्या लेखिका लुईझ मॉर्गन यांनी बाळासाहेबांच्या पद्धतीचे इंग्रजीत संपादन केले आणि १९३८ मध्ये ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनहून निघाले. त्यात व्यायामाबरोबर आहाराचाही विचार होता. याच काळात, महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या मदतीने, बाळासाहेबांनी राज्याचा कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपवण्याची घटना तयार करून घेतली. प्रजेला स्वराज्य द्यायचे तर प्रजा धडधाकट हवी, असा त्यांचा विचार होता.

त्यांचे दावे मात्र आजच्या वाचकाने सावधपणे वाचावेत. नमस्कारांनी जवळजवळ प्रत्येक दुखणे दूर राहते, अशा थाटात तेव्हा लिहिले जाई आणि पुराव्यादाखल स्वतःचा आणि आप्तांचा अनुभव पुढे केला जाई. शरीरशास्त्राच्या कसोटीवर योगाची तपासणी करण्याचे काम दुसरीकडे सुरू झाले होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने-प्राणायामांचे परिणाम क्ष-किरण व दाबमापक यंत्रांनी मोजायला घेतले. नमस्काराबद्दल निर्विवादपणे इतकेच म्हणता येते की त्याने पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो, खांदे, कंबर आणि मांड्यांमागच्या शिरा ताणल्या जातात, आणि वेगाने घातले तर दम लागून हृदयालाही व्यायाम होतो. मधुमेह किंवा दमा त्याने मुळापासून जातो, असे मानायला आधार नाही. पाठीच्या किंवा मनगटाच्या दुखण्यात तर तो जपूनच करावा लागतो.

महाराष्ट्रात सामुदायिक व्यायामाची लाट त्या वेळी जोरात होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करत होते. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुण्यात १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ निघाले. बडोद्याच्या माणिकरावांनी कवायतीचे हुकूम देशी भाषेत बसवले, आणि बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. हुकमावर, एका तालात, शेकडोंनी करता येणारा नमस्कार या वातावरणात चपखल बसला. व्यायामशाळा, वसतिगृहे, १९२५ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखा, शाळांचे व्यायामाचे तास, सगळीकडे तो गेला.

नमस्कार योगात मोडतो की नाही, हे मात्र बराच काळ ठरले नव्हते. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत अंकांची ही मालिका सापडत नाही. म्हैसूरच्या राजवाड्यात १९३० च्या दशकात तिरुमलाई कृष्णमाचार्य योग शिकवीत, तेव्हा तिथे सूर्यनमस्काराचा वर्ग योगापासून वेगळा होता. कृष्णमाचार्यांचे शिष्य पट्टाभी जोईस यांच्या शिकवणीत नमस्कार आसनांच्या आरंभी येतो आणि तीच पद्धत पुढे अमेरिका-युरोपात पसरली. दहा अंकांचेही बहुतेक ठिकाणी बारा झाले. आरंभी आणि अखेरीस हात वर नेऊन मागे वाकण्याची भर सहसा पडली. परदेशात योगाच्या वर्गाला जाणारा माणूस आज पहिल्याच दिवशी जे शिकतो, त्याची एक मुळी औंधच्या शाळांत आहे, हे तिथे फारसे कोणाला ठाऊक नसते.

औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि १९५१ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले. महाराष्ट्रात रथसप्तमीला शाळांमधून सामुदायिक नमस्कार घातले जातात. मंत्र आणि सूर्याची नावे यांमुळे हा व्यायाम वादातही सापडतो. २००७ मध्ये मध्य प्रदेश सरकारने शाळांत सामूहिक सूर्यनमस्काराचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली आणि सहभाग ऐच्छिक ठेवावा लागला. राजेसाहेबांनी मंत्र ठेवले ते छातीच्या व्यायामासाठी, हा युक्तिवाद अशा वेळी कोणाच्या उपयोगी पडत नाही. पूजा आणि कसरत यांचा जो मेळ औंधात प्रचाराला सोयीचा ठरला होता, तोच आता अडचणीचा ठरला. २१ जून २०१५ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा झाला, तेव्हा सरकारने ठरवलेल्या सामायिक योग अभ्यासक्रमात सूर्यनमस्कार नव्हता. २०२२ च्या जानेवारीत मात्र स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त केंद्राच्या आयुष मंत्रालयाने पंच्याहत्तर लाख लोकांच्या सूर्यनमस्काराचा कार्यक्रम जाहीर केला.