ऊतींमधली नकोशी प्रतिदीप्ती

फॉर्मेलिनमध्ये स्थिर केलेल्या ऊतीच्या कापावर अतिनील किंवा निळा प्रकाश टाकला, की कोणतेही रंगद्रव्य न लावताही तो उजळतो; हीच प्रतिदीप्ती. यातला काही उजेड ऊतीच्या अंगचाच असतो: कोलॅजनचा, इलॅस्टिनचा, उतारवयात चेतापेशींत साठणाऱ्या लायपोफ्युसिनचा. उरलेला स्थिरीकरणातून येतो. फॉर्मेलिनमधले अल्डिहाइड प्रथिनांतल्या अमाइन गटांशी जोडले जाते आणि त्यातून प्रकाशणारी संयुगे बनतात.

फॉर्मेलिनने ऊती टिकतात हे फ्रँकफुर्टच्या फर्डिनांड ब्लूम यांनी 1893 मध्ये दाखवले. जंतुनाशक म्हणून ते त्याची परीक्षा करत होते. हाताळताना बोटांची कातडी कडक झाली, त्यावरून हा गुण उमगला. त्या वेळी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकच नव्हता, त्यामुळे या उजेडाची अडचण कोणालाच नव्हती.

अडचण उभी राहिली ती हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांच्या कामात. 1941 मध्ये त्यांच्या गटाने न्यूमोकॉकसविरोधी प्रतिपिंडांना निळे प्रकाशणारे अँथ्रासीन जोडले. पण ऊतीही निळसरच उजळते, त्यात प्रतिपिंडांवरची ही खूण हरवून जाई. म्हणून 1942 मध्ये त्यांनी हिरवे फ्लुओरेसीन घेतले. मूळ उजेड तसाच राहिला, फक्त खूण त्यातून वेगळी उठून दिसू लागली. खुणेचा रंग वेगळा निवडण्याचा हा मार्ग पुढेही वापरात राहिला. स्वीडनमध्ये फाल्क आणि हिलार्प यांनी तर 1962 मध्ये फॉर्मल्डिहाइडच्या वाफेतून उपजणारी प्रतिदीप्ती मुद्दाम वापरली आणि चेतातंतूंतले नॉरअॅड्रिनलिन हिरवे, सेरोटोनिन पिवळे दाखवले.

1963 नंतर रूढ झालेल्या ग्लुटराल्डिहाइडने पेशींची रचना उत्तम टिकवली, पण उजेड फारच वाढवला. त्यावर वेबर, राथके आणि ऑस्बॉर्न यांनी 1978 मध्ये सोडियम बोरोहायड्राइड वापरले. ते अल्डिहाइड आणि अमाइन यांच्या जोडणीतून बनलेला कार्बन-नायट्रोजनमधला दुहेरी बंध क्षपित करते, मोकळे अल्डिहाइड गटही निकामी करते. रोगाच्या मुळावरच घाव घालणारा हा उपाय. मात्र द्रावणातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि नाजूक काप काचपट्टीवरून सुटू शकतो.

लायपोफ्युसिनवर बोरोहायड्राइडचा फारसा इलाज चालत नाही. त्यासाठी 1999 मध्ये श्नेल, स्टेन्स आणि वेसेनडॉर्फ यांनी सुदान ब्लॅक बी आणि कॉपर सल्फेट तपासले. दोन्हींनी तो उजेड दबतो, पण खुणेचा प्रकाशही थोडा मंदावतो. रंगवण्याआधी कापावर तासन्‌तास प्रखर प्रकाश पाडून मूळ उजेड विझवण्याची पद्धतही पुढे आली.

कोणताही उपाय निवडण्याआधी रंगद्रव्य न लावलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. उजेड खुणेचा की कापाचा मूळचाच, हे त्याशिवाय ठरत नाही.