प्रवासवर्णनकार कसा घडतो?

प्रवास करणें ही एक गोष्ट आणि प्रवास लिहिणें ही दुसरी. काशीरामेश्वर करून आलेले असंख्य यात्रेकरू आपल्या देशांत होऊन गेले. त्यांतील बहुतेकांच्या हकीकती घरच्या ओसरीवर सांगितल्या गेल्या आणि तेथेंच विरल्या. मग कोणता गुण अंगीं असला म्हणजे प्रवाशाचा लेखक होतो? याचें उत्तर आम्ही विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथांत शोधतों.

पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक देश पाहण्यास निघालेच नव्हते. घरीं कर्ज होतें, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार अशी वार्ता आली होती. दक्षिणेच्या आशेनें सन १८५७ मध्यें ते काकांसह उत्तरेस निघाले, आणि वाटेंतच बंडाच्या वणव्यांत सांपडले. १८५८ चा झांशीचा वेढा आणि शहर पडल्यानंतरची लूट व कत्तल त्यांनीं आंतून पाहिली. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. अखेर गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले.

त्यांच्यापाशीं ना शस्त्र होतें, ना इंग्रजी विद्या. परंतु दोन गोष्टी होत्या. पहिली ही कीं, स्वतःची भीति त्यांनीं लपविली नाहीं. दुसरी अशी कीं, त्यांची दृष्टि माणसावर खिळे. काल्पीच्या परिसरांत थकलेली, तहानलेली राणी लक्ष्मीबाई त्यांस विहिरीपाशीं भेटते. हे पाणी काढूं लागतात, तों ती त्यांस थांबवून स्वतःच मडकें हातीं घेते. इतिहासकारानें तोफा मोजल्या असत्या. या भिक्षुकास ती तहान दिसली.

तिसरी गोष्ट मात्र दुसऱ्याकडून यावी लागते. ती म्हणजे विचारणारा. चिंतामण विनायक वैद्य यांनीं आग्रह केला, तेव्हां सुमारें पंचवीस वर्षांनीं विष्णुभटांनीं लेखणी धरली. वैद्यांनीं १९०७ मध्यें ग्रंथ छापला, पण त्यावर आपला हात फिरवून. दत्तो वामन पोतदार यांनीं संपादिलेली मूळ संहिता वाचकांस १९६६ मध्यें मिळाली.

इतक्या काळानंतर स्मरणावर लिहिलेल्या मजकुरांतील प्रत्येक तपशील दप्तराइतका खरा मानूं नये, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तरीही जें पंचवीस वर्षें मनांतून गेलें नाहीं, त्यालाही एक सत्यता असते.

आम्ही स्वतः वही घेऊन पुष्कळ हिंडलों. आज ती उघडतों तेव्हां मुक्कामांचीं नांवें आणि देवळांची उंची सांपडते. परंतु कोणाचीही तहान सांपडत नाहीं. वही आमच्यापाशीं होती. विष्णुभटांची दृष्टि नव्हती.