पीटी, रुपये दोनशे फक्त

सॅलरी स्लिपवर पीएफ आणि टीडीएसच्या आसपास एक ओळ असते: पीटी, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २५००. एवढ्याशा रकमेकडे कोण बघतंय! पण मंडळी, या ओळीला मोठा इतिहास आहे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातले लाखो लोक सरकारी कामांवर खडी फोडायला गेले. त्यातून रोजगार हमी योजना रुजली. तिच्यामागचा विचार वि. स. पागे यांचा, ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. कायदा १९७७ साली झाला. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर, म्हणजेच आपला पीटी, आणि त्याच्या जोडीला सरकारचा वाटा. हिशोब सरळ होता. ठाणे-डोंबिवलीच्या नोकरदाराने थोडं द्यायचं आणि मुरबाड-शहापूरच्या मजुराला हक्काचं काम मिळायचं.

मग १९९१ आलं. जागतिकीकरणात गरिबांवरचा खर्च घटतो की वाढतो, यावर अर्थतज्ज्ञांचं भांडण जुनं आहे. एक बाजू म्हणते, भांडवल पळून जाईल या भीतीने सरकारं कर आणि खर्च दोन्ही आवरतात. डॅनी रॉड्रिक यांनी १९९८ साली उलट मांडलं: बाजार जितका खुला तितके धक्के जास्त, म्हणून सरकारी खर्चही जास्त.

आपल्याकडे मात्र तिसरंच काहीतरी झालं. वागळे इस्टेटमध्ये कारखाने गेले, आयटी पार्क आले. डॉलरच्या कामावर पगार फुगले. पण राज्यघटनेच्या कलम २७६ ने पीटीवर कमाल मर्यादा घातली आहे. ती १९८८ मध्ये २५० वरून २५०० झाली आणि तिथेच थांबली. महिना दहा हजारांच्या जरा वर कमावणारा वॉचमन वर्षाच्या पगारातले साधारण दोन टक्के देतो. महिना लाख कमावणारा देतो ०.२ टक्के. आकडा मात्र दोघांचा सारखाच!

म्हणजे कर कुणी कमी केला नाही, खर्चावर कुणी कात्रीही चालवली नाही. फक्त एक आकडा गोठला आणि महागाईने आपलं काम केलं. २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला, त्याने राज्याच्या तिजोरीवरचा भार हलका केला, ही गोष्ट वेगळी.

जागतिकीकरणाचा फायदा ज्यांना सगळ्यात जास्त झाला, त्यांच्याकडे वाढीव वाटा कुणी मागितलाच नाही. आणि ते ‘ते’ म्हणजे आपणच की हो.