पाळण्यांतील पांढरी बुरशी

कन्हान नदीकांठच्या खापा या विणकरांच्या गांवीं काय किंवा नागपुरांतील महाल भागांत काय, तान्ह्या मुलाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला, कीं घरांतील वडील स्त्रिया टांकणखाराची लाही मधांत खलून बोटानें लावीत. हा विकार किरकोळ समजला जाई, आणि सुदृढ बालकाच्या बाबतींत तो बहुधा किरकोळच असतो. परंतु जी बुरशी जिभेवर बसते, तीच अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या रक्तांत शिरली म्हणजे प्राणावर बेतते.

या बुरशीचा शोध युरोपांत लागला. इ. स. १८३९ मध्यें लांगेनबेक या जर्मन वैद्यानें विषमज्वराच्या एका रोग्याच्या घशांत ती प्रथम पाहिली. मात्र ती विषमज्वराचेंच कारण असावी, असा त्याचा चुकीचा ग्रह झाला. पुढें दोनच वर्षांनीं स्वीडनमधील बर्ग या वैद्यानें अर्भकांच्या तोंडांतील पांढऱ्या थराशीं तिचा संबंध जोडला. आज प्रचलित असलेलें 'कँडिडा' हें नांव तिला १९२३ सालीं मिळालें. शुभ्र या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तें आलें आहे.

त्या काळीं हजार ग्रॅमहून कमी वजनाचें बालक फार काळ जगतच नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उबदार पेट्या, श्वासोच्छ्वासाचीं यंत्रें आणि जंतुनाशक औषधें यांच्या बळावर अशीं बालकें वांचूं लागलीं. परंतु ज्या उपायांनीं जीव वांचविले, त्यांनींच बुरशीस वाट करून दिली. प्रबळ औषधांनीं आंतड्यांतील निरुपद्रवी जंतूही मरतात व मोकळ्या जागेंत बुरशी माजते. शिरेंत घातलेली बारीक नळी तिला आश्रय देते. बालकाची त्वचा तर इतकी नाजूक असते, कीं तिचा अडसर जवळजवळ नसतोच.

औषधांचा इतिहासही मनोवेधक आहे. एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोन अमेरिकन विदुषींनीं व्हर्जिनिया प्रांतांतील एका शेताच्या मातींत सांपडलेल्या सूक्ष्म जीवापासून बुरशीनाशक द्रव्य मिळविलें व १९५० सालीं तें जाहीर केलें. न्यूयॉर्क राज्यावरून त्यास 'निस्टॅटिन' हें नांव पडलें. त्यापासून मिळालेलें उत्पन्न त्या दोघींनीं स्वतःसाठीं न ठेवतां संशोधनास वाहिलें. पुढें २००१ सालीं त्याच व्हर्जिनियांत हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या शंभर बालकांवर प्रयोग झाला. निम्म्यांस फ्लुकोनॅझोल हें औषध आधींपासूनच दिलें, निम्म्यांस दिलें नाहीं. औषध न मिळालेल्या पन्नासांपैकीं दहा बालकांस बुरशीची बाधा झाली. औषध मिळालेल्यांपैकीं एकासही झाली नाहीं.

मग हेंच औषध सर्वत्र कां देऊं नये? कारण बुरशीही शिकते. भारतांतील अनेक रुग्णालयांत या औषधास दाद न देणाऱ्या जाती आढळल्या आहेत. म्हणून जेथें ही बाधा वारंवार होते, तेथेंच अत्यल्प वजनाच्या बालकांस तें द्यावें, असा तज्ज्ञांचा कल आहे. इतरत्र स्वच्छता हाच पहिला उपाय होय. हात धुण्याचें महत्त्व व्हिएन्ना येथें सेमेलवाइस यानें १८४७ सालींच दाखविलें होतें. परंतु त्या वेळीं त्याचें फारसें कोणी ऐकलें नाहीं.

महाराष्ट्राचा वांटाही येथें लहान नाहीं. मुंबईच्या शीव रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १८८९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १९८९ सालीं, आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. बाटलीच्या दुधाऐवजीं मातेचें दूध, हें साधें तत्त्व त्यामागें होतें. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांतील स्त्रियांस नवजातांची शुश्रूषा शिकविली. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार जंतुदोष झालेल्या बालकांपैकीं दगावणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १६.६ वरून २.८ वर आलें. ती झुंज मुख्यतः बुरशीशीं नव्हती, हें खरें; पण ऊब, दूध व धुतलेले हात यांचें मोल तिनें सिद्ध केलें.

खाप्यासारख्या गांवचें अपुऱ्या दिवसांचें मूल आज नागपुरास नेतां येतें. तेथील यंत्रें चालविणें घरच्यांच्या हातीं नसतें. परंतु मातेचें दूध पोंचविणें, तिच्या उराशीं बालकास धरूं देण्याबद्दल विचारणें, हात धुतल्यावांचून त्यास न शिवणें आणि वैद्यानें न सांगितलेल्या औषधाचा आग्रह न धरणें, एवढें त्यांना करतां येतें. टांकणखार व मध मात्र आतां वर्ज्य मानावा. त्यांपासून तान्ह्या मुलास अपाय होतो, हें आज निश्चित ठाऊक झालें आहे. आजीची माया तीच राहावी, बोटावरील औषध तेवढें बदलावें.