बाहेरून शिकलेली माणसे

मागच्या आठवड्यात माझ्याकडे दोन प्रश्न आले आणि दोन्ही घरातलेच. पहिला पुण्याहून, पुतण्याचा. तो एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला आहे. फोनवर म्हणाला, "काका, स्वतःच्या खिशातून पैसे घालून एक ऑनलाइन कोर्स करावा म्हणतो. तुम्ही मास्तर माणूस. कुठे करू सांगा." आणि त्याने चार-पाच नावे वाचून दाखवली.

दुसरा प्रश्न सूनबाईचा. ती सेनगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. तिच्या मोबाइलवर आणखी एका प्रशिक्षणाचा निरोप येऊन पडला होता. भाकरी थापता थापता म्हणाली, "मामा, एवढं जरा पुढे पुढे दाबून देता का? व्हिडिओ संपल्याशिवाय पुढचं उघडत नाही."

पुतण्याला शिकायला जागा हवी आहे आणि सूनबाईला शिकणे एकदाचे संपवायचे आहे. साधन दोघांचे एकच, हातातला मोबाइल. मंडळी, मी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे कोणी रस्ता विचारला तरी मी आधी तो रस्ता कोणी बांधला ते सांगत बसतो, अशी आमच्या घरातली तक्रार आहे. ती खरी आहे.

नोकरीतल्या माणसाला जागेवर बसून शिकवायचे, ही कल्पना काही इंटरनेटने आणलेली नाही. 1861 मध्ये पुण्यात 'मराठी शालापत्रक' निघाले. शाळामास्तरांना मुलांना कसे शिकवावे हे कळावे म्हणून शिक्षण खात्याने चालवलेले ते मासिक. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे संपादक होते. मास्तर आपल्या गावी, मासिक टपालाने त्याच्याकडे. पुढे 1868 पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री त्यात लिहू लागले आणि गंमत झाली. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु, दंडी यांच्यावरचे त्यांचे लेख त्यातच आले. आता दुसरीच्या वर्गाला उजळणी शिकवणाऱ्या पंतोजीला सुबंधु काय करायचा? पण जे वाचत होते ते आवडीने वाचत होते. खात्याच्या कामाचा कागद हळूहळू वाचणाऱ्याच्या मालकीचा झाला. खात्यावर आणि मिशनऱ्यांवर टीका होऊ लागली तेव्हा 1875 मध्ये ते पत्र बंद झाले.

आमच्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचे राज्य. माझे वडील शाळेत उर्दू शिकले आणि मराठी घरी, पोथ्यांवरून.

परदेशातही दोन्ही वाटा अशाच जवळून गेलेल्या दिसतात. इंग्लंडमध्ये 1840 साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि आयझॅक पिटमनने टपालाने लघुलिपी शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने उतारा लिहून पाठवायचा, पिटमनने तो तपासून परत पाठवायचा. हे शिकणे स्वतःच्या हौसेचे किंवा पोटापाण्याच्या आशेचे. त्यानंतर पन्नास वर्षांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्क्रँटन गावी थॉमस फॉस्टर नावाच्या संपादकाने कोळसा खाणीतल्या कामगारांसाठी पत्राद्वारे अभ्यासक्रम काढला, 1891 मध्ये. खाणीत माणसे मरत होती, म्हणून तिथल्या कायद्याने मुकादमांना परीक्षा लावली होती. रोज खाणीत उतरणारा कामगार शाळेत कधी जाणार? त्याने रात्री दिव्यापाशी बसून धडे सोडवले. हे चालते म्हटल्यावर रेल्वे कंपन्यांनीही आपल्या नोकरांसाठी त्याच शाळेशी करार केले. शिकणारा माणूस तोच, पण आता पैसे भरणारा दुसरा. माझ्या मते पुतण्याचा आणि सूनबाईचा फरक इथून सुरू होतो. ज्याने पैसे भरले त्यालाच हिशेब द्यावा लागतो. स्वतः भरले तर स्वतःला, साहेबाने भरले तर साहेबाला.

आमच्याकडे अशा शिकण्याला साधा शब्द होता, 'बाहेरून'. "तो काय करतो?" "मास्तरकी करतो, बाहेरून बी.ए. करतोय." मी तसाच. डी.एड. होऊन नोकरीला लागलो आणि मराठवाडा विद्यापीठाची बी.ए. 1976 मध्ये बाहेरून पास झालो. पुस्तके हिंगोलीहून मागून आणायची, प्रश्न कोणाला विचारायचे ते ठाऊक नाही. अडले की अडलेच. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कळायचे की आपण काय वाचायला हवे होते.

म्हणून 1 जुलै 1989 रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, याचे मोल माझ्यासारख्याला जास्त. पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचे ब्रीद. त्यांनी पुस्तकेच अशी केली की वाचणाऱ्याशी बोलावीत, आणि शिवाय अभ्यासकेंद्रावर सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रे ठेवली. तिथे समंत्रक असत. शाळा सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रमही होता. आमच्या सौभाग्यवतीची शाळा सातवीत सुटली होती. चाळिशी गाठल्यावर तिने पूर्वतयारी केली आणि मग बी.ए. दर रविवारी सकाळी एस.टी.ने हिंगोलीला. गावातल्या बायका विचारायच्या, "आता या वयात कोणती नोकरी करायचीय?" ती म्हणायची, "नोकरी ह्यांना आहे की." पदवीचा कागद आला तेव्हा तिने तो ट्रंकेत ठेवला तो ठेवलाच. संपर्क सत्रातल्या बायकांची नावे मात्र तिला अजून पाठ आहेत.

आता येतो ते एम.एस.सी.आय.टी.वर. राज्य शासनाच्या पुढाकाराने 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एम.के.सी.एल. स्थापन झाले. विवेक सावंत तेव्हा त्याचे प्रमुख होते. त्यांचा हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात पोचला. कॉलेजची पोरे तो आपापल्या मनाने करत होती, आणि सरकारी नोकरांना तो सक्तीचा झाला. 31 डिसेंबर 2007 ही मुदत, नाही तर वेतनवाढीवर गदा. पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट होती.

मला सूट होती. तरी मी 2005 मध्ये नाव घातले, कारण मला मराठी टंकलेखन शिकायचे होते. त्या वर्षी भारनियमन असे की तासातली निम्मी वेळ आम्ही अंधारात माउस हातात धरून बसलेलो. माझ्या डाव्या हाताला एक कॉलेजचा मुलगा, उजव्या हाताला माझाच एक सहकारी, वेतनवाढीच्या धास्तीने आलेला. तिघांसमोर तोच पडदा, तेच पुस्तक, तोच धडा. आता वाचकांना वाटेल की हौसेने आलेला मी शिकलो आणि सक्तीने आलेला तो कोरडा राहिला. तसे झाले नाही. मला पाहिजे तेवढे टंकलेखन आले आणि मी जाणे सोडले, परीक्षेला बसलोच नाही. तो सहकारी पास झाला आणि पुढे सगळ्या शाळेचे निकालपत्रक संगणकावर करू लागला. सक्ती नसती तर तो त्या खोलीत पाऊल टाकता ना. पण तिसराही एक होता. वर्गात उभा राहिला की मुले श्वास रोखून ऐकत, असा शिक्षक. त्याची मुदत हुकली, वेतनवाढ अडकली आणि त्यानंतर तो प्रशिक्षण हा शब्द ऐकला की उठून जायचा.

माझ्यासारखे अर्ध्यातून उठणारे जगभर आहेत हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. 2011 च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवर सर्वांना खुला केला. सुमारे 1 लाख 60 हजार लोकांनी नावे घातली, शेवटपर्यंत टिकले ते सुमारे 23 हजार. त्यातल्या सेबास्टियन थ्रनने 2012 मध्ये युडॅसिटी काढली. कोर्सेरा आणि एडएक्स त्याच वर्षीचे. जगातल्या कोणालाही फुकट शिकवू, ही तेव्हाची भाषा. लवकरच युडॅसिटी कंपन्यांच्या नोकरांना शिकवण्याकडे वळली, आणि 2024 मध्ये तिला ॲक्सेंचर या कंपनीने विकत घेतले. स्क्रँटनच्या खाणीचीच गोष्ट. हौशी माणूस नाव घालतो आणि निघून जातो, कंपनी मात्र नोकरांचे एकगठ्ठा पैसे भरते.

आपल्याकडे 2017 मध्ये दोन्ही वाटांची सरकारी दारे दोन महिन्यांच्या अंतराने उघडली. जुलैत स्वयम्, कोणीही या, शिकणे फुकट, परीक्षेला बसायचे तर शुल्क. सप्टेंबरमध्ये दीक्षा, मुख्यतः शाळा आणि शिक्षकांसाठी. ऑक्टोबर 2020 पासून शिक्षकांचे 'निष्ठा' प्रशिक्षण दीक्षावर आले, 18 अभ्यासक्रमांचे. 2022 मध्ये आपल्या राज्यात 12 वर्षे सेवा झालेल्यांचे वरिष्ठ श्रेणीचे आणि 24 वर्षे झालेल्यांचे निवड श्रेणीचे प्रशिक्षण इन्फोसिस स्प्रिंगबोर्डवर झाले. ते स्प्रिंगबोर्ड इतर कोणालाही फुकट खुले आहे. म्हणजे एकाच ठिकाणी एक मुलगा आवडीने शिकतोय आणि शेजारी एक गुरुजी पगाराची पायरी चढायला शिकतायत. आमच्या भारनियमनातल्या खोलीसारखेच, फक्त शेजारचा दिसत नाही.

आता जे सांगायचे म्हणून हे सगळे लिहायला घेतले ते सांगतो.

2021 च्या हिवाळ्यात शाळा अजून धड उघडल्या नव्हत्या. सूनबाईचा निष्ठाचा पुढचा टप्पा आला होता, पायाभूत भाषा आणि गणिताचा. रेंज फक्त गच्चीवर. ती स्वयंपाकात, म्हणून मी गच्चीवर उन्हात बसून आवाज बंद करून व्हिडिओ 'बघत' होतो आणि पुढे पुढे दाबत होतो. होय, मीच. पस्तीस वर्षे कॉपी पकडणारा मास्तर. एका व्हिडिओवर खाली अक्षरे आली आणि मी आवाज चालू केला. मूल घरी एक भाषा बोलते, शाळेत दुसरी, तर पहिल्या वर्षी त्याची घरची भाषा वर्गात येऊ द्यावी, ती चूक म्हणून खोडू नये, असे काहीसे ती बाई सांगत होती.

1980 च्या सुमारास मी कळमनुरी तालुक्यात एका तांड्याजवळच्या शाळेवर होतो. एका मुलाने निबंधात लिहिले होते, "माझी याडी ऊस तोडायला गेली." मी 'याडी'भोवती लाल गोल केला आणि वर 'आई' लिहिले. सगळ्या वर्गाला वाचून दाखवले, मुले हसली. त्यानंतर त्याने पाटीवर फक्त मी फळ्यावर लिहिलेले उतरवले, स्वतःचे काही नाही. दिवाळीनंतर तो आला नाही. घरचे सगळे ऊसतोडीला गेले म्हणून आला नाही, असे मी धरून चाललो आणि ते खरेही असेल.

मला 1980 मध्ये हव्या असलेल्या धड्याची मी 2021 मध्ये उरलेली मिनिटे मोजत होतो. आणि तो ऐकल्यावर विचारायचे होते की वर्गात अकरा मुले तांड्यावरची आणि तीस गावातली असतील तर करायचे कसे? विचारायला कोणी नव्हते. खाली चार पर्यायांचे प्रश्न होते. त्यांची उत्तरे दिली की प्रमाणपत्र. मला परत बी.ए.च्या वेळचे, अडले की अडलेच, ते दिवस आठवले. सौभाग्यवतीच्या रविवारच्या खोलीत निदान हात वर करता येत होता.

तर पुतण्याला मी कळवले ते असे. आधी कंपनीत विचार, तिने एखाद्या ठिकाणचे पैसे आधीच भरलेले असतात आणि नोकरांना ठाऊक नसते. पण तिथे शिकलास तर तू काय बघितलेस, किती वेळ बघितलेस हे साहेबाला दिसू शकते, आणि नोकरी सोडलीस तर ते खाते राहील की जाईल हेही विचारून घे. जे तुझ्या आजच्या कामाचे आहे ते तिथे शिक. जे तुझ्या स्वतःच्या मनात आहे ते स्वतःच्या नावाने, आधी फुकटच्या ठिकाणी, आणि महिनाभर टिकलास तरच पैसे भर. दोन ठिकाणे सारखीच वाटली तर जिथे तू लिहिलेले एखादे जिवंत माणूस तपासते ती घे, चार पैसे जास्त पडले तरी. तो म्हणाला, "काका, तुम्ही नाव तर सांगितलंच नाही." नावे दर दोन वर्षांनी बदलतात, मी काय सांगू?

सूनबाईला मात्र मी यावेळी दाबून दिले नाही. ती जरा रागावली. मग शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती आणि तिच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका आमच्या ओसरीवर बसल्या, मोबाइल तांब्याला टेकवून, आणि एकच व्हिडिओ दोनदा थांबवत बघितला. वाद झाला. एकीचे म्हणणे, हे शहरातल्या लोकांनी केलेले आहे, आपल्याकडे चालणार नाही. तो वाद आता केंद्राच्या शिक्षण परिषदेत न्यायचे ठरले आहे. तिथे ऐकून घेतले जाईल की नाही, बघू.

जाताना सूनबाईने वही काढली. तिच्या पहिलीत यंदा तांड्यावरची सात मुले आहेत. म्हणाली, "मामा, तुम्ही तिकडं इतकी वर्षं होता. याडीसारखे आणखी शब्द सांगा, लिहून घेते."

मला तो एकच आठवला.