चालण्या-धावण्याचे महागडे शूज: पैसे वसूल होतात का?

"डॉक्टर, गुडघे दुखतात. चांगले शूज घेऊ का? दुकानदार म्हणतो, घ्यायचेच तर दहा हजारांचे घ्या." असा प्रश्न दवाखान्यात नेहमी येतो. सकाळी फिरायला जाणारे निवृत्त गृहस्थ, मधुमेह निघाल्यावर चालायला लागलेल्या गृहिणी, पहिल्यांदाच दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवलेली तरुण मंडळी, सगळ्यांनाच तो पडतो. बाजारात दीड-दोन हजारांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत शूज मिळतात. मग जास्त पैसे मोजले म्हणजे पाय आणि गुडघे जास्त सुरक्षित राहतात का?

थोडक्यात उत्तर असे: पायाला नीट बसणारे, आरामदायी शूज हवेतच, पण ते मध्यम किमतीतही मिळतात. त्यापुढचे पैसे बहुतेक वेळा हलके वजन, वेग, दिसणे आणि नाव यांसाठी असतात. एका गटाने मात्र पादत्राणांवरच्या खर्चात काटकसर करू नये. तो गट म्हणजे पायांची संवेदना कमी झालेले मधुमेही रुग्ण.

शूज नेमके काय करतात?

चालताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाइतका किंवा त्याहून थोडा जास्त जोर पायावर येतो. धावताना तो वजनाच्या साधारण दोन ते तीन पट होतो. शूजमधला फोमचा थर हा धक्का थोडा सौम्य करतो, खालचा सोल घसरू देत नाही आणि टाचेभोवतीचा कडक भाग टाच जागेवर धरतो.

धक्का पेलण्याचे मुख्य काम मात्र तुमच्या मांडीचे, पोटरीचे आणि तळव्याचे स्नायू करतात. स्नायू अशक्त असतील किंवा चालण्याचे अंतर एकदम वाढवले असेल, तर कितीही महाग शूज ती उणीव भरून काढत नाहीत.

संशोधन काय सांगते?

- किंमत आणि आराम: स्कॉटलंडमधील डंडी येथे झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन कंपन्यांचे स्वस्त, मध्यम आणि महाग शूज घालून तळव्यावरचा दाब मोजला गेला. स्वस्त आणि मध्यम शूज महागड्यांइतकेच चांगले ठरले. आरामाच्या बाबतीतही किमतीने फरक पडला नाही.
- पायाच्या ठेवणीनुसार शूज: अमेरिकेच्या लष्करात नव्याने भरती झालेल्या काही हजार जणांवर प्रयोग झाले. एका गटाला तळव्याची कमान पाहून 'योग्य प्रकारचे' शूज दिले, तर दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. दोन्ही गटांत दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. दुकानात यंत्रावर पाय ठेवून 'तुमच्यासाठी हेच मॉडेल' असे सांगितले जाते, तेव्हा हे आठवावे.
- सगळे पुरावे एकत्र पाहिले तर: २०२२ मधील कॉक्रेन आढाव्यात १२ चाचण्या आणि ११ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. अमुक प्रकारचे शूज घातल्याने धावण्याच्या दुखापती नक्की कमी होतात, असा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही.

याचा अर्थ काहीही घातले तरी चालते असा नाही. चावणारे, घसरणारे किंवा सोल झिजलेले शूज त्रास देतातच. फक्त किमतीच्या चिठ्ठीवरून चांगले-वाईट ठरत नाही, एवढाच याचा अर्थ.

गुडघेदुखी असेल तर?

संधिवातामुळे गुडघ्याची झीज झाली असेल, तर ती कोणतेही शूज भरून आणत नाहीत. मात्र वेदनेत फरक पडू शकतो. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत झिजलेल्या गुडघ्यांच्या रुग्णांना सहा महिने दोन प्रकारची पादत्राणे दिली होती. अगदी पातळ आणि लवचिक पादत्राणांपेक्षा स्थिर, आधार देणाऱ्या शूजमुळे चालताना होणारी वेदना जास्त कमी झाली. म्हणून गुडघे दुखत असतील तर सपाट, पातळ सोलच्या चपला फिरायला वापरू नका. आधार देणारे मध्यम किमतीचे शूज पुरेसे आहेत.

उरलेले पैसे आणि वेळ दोन गोष्टींवर खर्च करा. पहिली, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. दुसरी, वजन. जास्त वजन असलेल्या रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की वजन १ किलोने घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने घटतो. इतका भार शूज कमी करू शकत नाहीत.

जास्त पैसे कधी मोजावेत?

- मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर: याबद्दल सविस्तर पुढे.
- पाय रुंद असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढले असेल तर: रुंद आकारात मिळणारे शूज थोडे महाग असले तरी घ्या. अरुंद शूजमुळे कुरूप, घट्टे आणि नखांचे त्रास होतात.
- विशिष्ट खेळ खेळत असाल तर: त्या खेळाचे शूज घ्या. धावण्याच्या शूजची टाच उंच आणि मऊ असते, त्यामुळे बॅडमिंटनमध्ये झटकन बाजूला वळताना घोटा मुरगळू शकतो. गोल्फमध्ये ओल्या गवतावर पकड लागते. इथेही पकड आणि माप महत्त्वाचे, सर्वात महाग जोडी नव्हे.
- शर्यतीत वेळ कमी करायची असेल तर: कार्बनची पट्टी बसवलेले शूज धावताना थोडी ऊर्जा वाचवतात. पण ते वेगासाठी बनवलेले आहेत, दुखापत टाळण्यासाठी नव्हे. रोजच्या फिरण्यासाठी ते घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

मधुमेही रुग्णांसाठी खास सूचना

बरीच वर्षे मधुमेह असेल तर तळव्यांची संवेदना हळूहळू कमी होते. शूज चावतात, खडा टोचतो, फोड येतो, पण दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही. जखम चिघळते, आणि पुढे बोट किंवा पाय कापण्याची वेळ येऊ शकते. त्याची सुरुवात अनेकदा चुकीच्या पादत्राणांपासून होते.

- वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्या. नायलॉनच्या बारीक तंतूने संवेदना तपासायला फार वेळ लागत नाही.
- संवेदना कमी असेल तर एमसीआर म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला किंवा मधुमेहींसाठीचे खास शूज वापरा. अंगठ्यात अडकवायच्या चपला टाळा.
- घालण्यापूर्वी शूजमध्ये हात घालून खडा, खिळा किंवा घडी नाही ना, ते पाहा.
- नवे शूज पहिल्या दिवशी तासभरच घाला. काढल्यावर पाय लाल झाला आहे का, ते तपासा.
- घरातही अनवाणी फिरू नका. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना तळवे भाजतात आणि ते कळतही नाही. डॉक्टरांशी बोला, उन्हाची वेळ टाळा.
- रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा वापरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा.

दुकानात गेल्यावर काय पाहाल?

१. संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात.
२. नेहमीचे मोजे घालून, उभे राहून माप घ्या. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचे माप धरा.
३. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. बोटे आत हलवता आली पाहिजेत.
४. चालताना टाच वर-खाली सरकायला नको.
५. शूज चवड्याच्या जागी वाकायला हवेत. मध्येच दुमडत असतील तर ते नकोत.
६. घालून पाच-दहा मिनिटे चाला. "वापरून सैल होतील" यावर विश्वास ठेवू नका. पहिल्याच दिवशी आरामदायी वाटतील तेच घ्या.

ऑनलाइन मागवत असाल, तर परत करण्याची सोय असेल तरच मागवा. आणि आधी घरात घालून पाहा.

कधी बदलावेत?

धावण्याचे शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलावेत असे सांगितले जाते. फक्त चालण्यासाठी वापरलेले शूज बहुधा जास्त टिकतात. सोलची नक्षी पुसली गेली, टाच एका बाजूने झिजली किंवा शूज टेबलावर ठेवल्यावर कलू लागले, की वरून नवे दिसत असले तरी बदला. वीस हजारांची एक जोडी तीन वर्षे ओढण्यापेक्षा मध्यम किमतीची जोडी वेळेवर बदलणे चांगले.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- हाडावर एकाच जागी दुखते आणि चालल्यावर वाढते
- सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि काही आठवडे थांबत नाही
- ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते आणि थांबल्यावर बरे वाटते (रक्तपुरवठा कमी असू शकतो)
- एकाच पायाला अचानक सूज आली आहे आणि पोटरी दुखते
- गुडघा सुजतो, अडकतो किंवा दगा देतो
- मधुमेह आहे आणि पायावर कोणतीही जखम किंवा फोड आहे. दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवा

यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी करून घ्या. शूजची खरेदी नंतरही करता येते.