सिस्टर, सेविका, कर्मचारी

सरकारी रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात पाच मिनिटे उभे राहिले तरी ‘सिस्टर’ ही हाक दहा वेळा कानावर येते. डॉक्टरला आपण त्याच्या पदवीने हाक मारतो, परिचारिकेला मात्र नात्याने. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही इतिहास असेल असे आपल्या मनात येत नाही. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण परिचारिकांचा पगार, त्यांच्या पाळ्या आणि त्यांची सुरक्षितता यांबद्दलचे आजचे बहुतेक वाद त्या एका हाकेत दडलेले आहेत.

हा शब्द आपल्याकडे आला तो दोन वाटांनी. इंग्लंडमधल्या रुग्णालयांत वॉर्ड सांभाळणाऱ्या ज्येष्ठ परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणत. शिवाय मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ऑल सेंट्स’ या अँग्लिकन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणी आल्या आणि त्यांनी जे. जे. व पुढे कामा रुग्णालयात शुश्रूषेचे काम पाहिले. या खरोखरीच ‘सिस्टर’ होत्या. त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतले होते, त्यांना संसार नव्हता, म्हातारपणाची चिंता त्यांच्या मठाची होती. वॉर्डातल्या बाईची पहिली प्रतिमा आपल्या समाजासमोर उभी राहिली ती अशी: पांढरा वेश आणि वैयक्तिक मिळकतीचा प्रश्नच नाही.

गंमत अशी की जिच्या नावाने आपण दर १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा करतो, त्या फ्लॉरेन्स नाईटिंगेलबाईंचा आग्रह नेमका उलटा होता. परिचारिका प्रशिक्षित हवी आणि पगारी हवी, असे त्यांचे म्हणणे. त्या हिंदुस्थानात कधीही आल्या नाहीत. पण इथल्या लष्कराच्या आरोग्यावरचा १८६३ चा रॉयल कमिशनचा अहवाल मुख्यतः त्यांच्या श्रमावर उभा आहे, आणि १८६५ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील रुग्णालयांसाठी परिचर्येची योजनाही लिहिली. आपण त्यांचा दिवा घेतला, हिशेबाची वही मात्र मागे राहिली.

१८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत येते. एका ओळीत येते आणि संपते. त्यानंतर पाचच वर्षांत मुंबईत प्लेग आला. आपल्याकडे प्रशिक्षित बायका इतक्या थोड्या होत्या की विलायतेहून नर्सेस मागवाव्या लागल्या. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यशवंतरावांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांना आपण समाजसुधारक म्हणतो, आद्य शिक्षिका म्हणतो. त्यांचे अखेरचे काम परिचर्येचे होते, याचा उल्लेख कौतुकाने होतो. पण तो त्यागाचा दाखला म्हणून, कौशल्याचा म्हणून नव्हे.

मराठी घरांतून परिचारिका निघू लागल्या त्या सेवासदनामुळे. मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत १९०८ मध्ये ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवायचे ठरले, तेव्हा काय काय आड आले असेल याची कल्पना करून पाहावी. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा. कोणत्याही जातीच्या रोग्याची भांडी, मलमूत्र, रक्त, पू काढायचे. रात्रपाळी करायची, म्हणजे रात्र घराबाहेर काढायची. ही कामे तोवर दायांकडे होती, आणि त्यांच्या जाती ठरलेल्या होत्या. वरच्या जातीतली विधवा तिथे जाणार म्हणजे घराण्याच्या नावाला बट्टा.

रमाबाईंनी या कोंडीतून वाट काढली ती एका शब्दाने. संस्थेच्या नावातच तो शब्द होता: सेवा. पगारासाठी परक्याचे मलमूत्र काढणे हे हलके काम. पण तेच सेवा म्हणून केले तर पुण्य. घरी सासऱ्याची, नवऱ्याची शुश्रूषा बाई करतेच, तेच आता समाजाची करते आहे, असे सांगता आले. या युक्तीला मी नावे ठेवणार नाही. त्या काळी दुसरा कोणता शब्द त्या दाराची कडी काढू शकला असता? त्या शब्दाच्या आडून कित्येक विधवांच्या हाती स्वतःचे उत्पन्न आले. माजघराच्या कोपऱ्यातून उठून त्या वसतिगृहात राहिल्या, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवते झाल्या. मात्र त्या शब्दाची किंमत पुढच्या पिढ्यांनी फेडली. सेवेला मोल विचारायचे नसते, असा त्याचा दुसरा अर्थ व्यवस्थापनांनी पक्का धरून ठेवला.

१९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्यात हिशेब स्पष्ट होता. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. इंग्लंडमध्ये त्या वेळी सुमारे ३०० लोकांमागे एक परिचारिका होती. डॉक्टरांपेक्षा परिचारिका कमी, असा उफराटा पिरॅमिड! समितीने परिचारिकांच्या राहण्याच्या आणि नोकरीच्या वाईट अवस्थेकडे बोट दाखवले. पुढे १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, समित्या होत गेल्या. १९८७ मध्ये नेमलेल्या सरोजिनी वरदप्पन समितीला पुन्हा कामाचे तास, घरे आणि मनुष्यबळ हेच विषय मांडावे लागले. दर समिती तेच लिहिते, म्हणून तेवढ्यावर सोडतो.

केईएममधल्या अरुणा शानबागची कथा मराठी वाचकाला माहीत आहे. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर ती १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती आणि तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळले. सेवेचा आदर्श म्हणून ही कथा सांगितली जाते, आणि तो आदर्श खराच आहे. पण तिचा पहिला भाग आपण गाळतो. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. मागणी होती सुरक्षिततेची आणि कामाच्या चांगल्या परिस्थितीची. पुढे अरुणाला तिथून हलवण्याचे पालिकेने मनात आणले, तेव्हाही त्याच परिचारिकांनी विरोध करून ते होऊ दिले नाही. संप करणाऱ्या आणि कुशीवर वळवणाऱ्या बायका एकाच वॉर्डातल्या होत्या.

आणि कुशीवर वळवणे म्हणजे काय? इतक्या वर्षांत तिला शय्याव्रण होऊ दिला नाही, याची वाखाणणी झाली. शय्याव्रण टाळायचा तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दिवसाला बारा वेळा धरले, तर साडेएकेचाळीस वर्षांत हा आकडा एक लाख ऐंशी हजारांच्या वर जातो. ममता असल्याशिवाय हे होत नाही, खरे. पण पाळीवर पुरेशी माणसे नसली तर ममता असूनही होत नाही. नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. आपल्या गावच्या जिल्हा रुग्णालयातल्या रात्रपाळीला वाचकाने एकदा खाटा मोजून पाहाव्यात.

कायद्याने मधल्या काळात एक मोठे पाऊल टाकले होते. बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयही ‘उद्योग’ आहे असे ठरवले. हेतू नफ्याचा नसला तरी. म्हणजे सेवाभाव हे कामगार कायद्यातून सुटण्याचे कारण उरले नाही. तरीही खाजगी रुग्णालयांतून मुलींची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे, बाँडवर सही घेणे हे चालतच राहिले. केरळहून आलेल्या कितीतरी मुलींनी शिक्षणाचे कर्ज फेडत मुंबईत ते सोसले, आणि २०११ नंतर त्याविरुद्ध त्या उघडपणे रस्त्यावर आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून केंद्राने समिती नेमली. तिने दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांत सरकारी वेतनाइतके, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असे सुचवले. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली, आणि तिथे ती रेंगाळली.

२०२० मध्ये थाळ्या वाजल्या, रुग्णालयांवर हवाई दलाने फुले उधळली. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या. मुख्य विरोध बाह्यस्रोतामार्फत, म्हणजे ठेकेदाराकरवी, पदे भरण्याला होता. वर्तमानपत्रांत रुग्णांचे हाल आले, आणि ‘सेवा सोडून आंदोलन’ असा नेहमीचा सूरही ऐकू आला. अरुणाच्या खोलीत बेचाळीस वर्षे एका पाळीने दुसऱ्या पाळीला जो कार्यभार सोपवला, तो सोपवणाऱ्या बायका कायम नोकरीतल्या होत्या, हे त्या सुरात कुणाला आठवले नाही.